आभाळाला थंडी वाजते

१

काचेच्या पेटीवरची जाड चादर सोयताईनं रोजच्यासारखी ओढली. चादर हातात आली, आणि खाली पेटी रिकामी.

रिकामी म्हणजे पार धुऊन-पुसून रिकामी. ढगांचा अल्बम नव्हता, अल्बम उघडा ठेवायचं तिरकं लाकडी स्टँड नव्हतं, स्टँडखालचं निळं मखमली कापडसुद्धा नव्हतं. कुलूप मात्र जागच्या जागी, शहाण्यासारखं लागलेलं.

सकाळचं वाचनदालन असंही जरा स्वप्नातलंच वाटतं. उंच खिडक्या, लांबलचक टेबलं, उजेडात तरंगणारी धूळ आणि कुणी बोलत नसतानाही कुणीतरी नुकतंच बोलून थांबल्यासारखी शांतता. त्यामुळे आपण अजून घरी अंथरुणातच आहोत की काय, असं तिला क्षणभर वाटलं. मग तिनं स्वतःला चिमटा काढला आणि ती आपल्या टेबलाकडे धावली.

विद्यापीठाच्या या ग्रंथालयात ती कार्यालय समन्वयक होती. म्हणजे नेमकं काय करते, हे तिच्या भावाला अजून समजलेलं नाही, आणि खरं सांगायचं तर तिच्या साहेबांनाही नाही. खोल्यांचं बुकिंग, रजांचा मेळ, प्रिंटर रुसला की त्याची समजूत, वीजवाल्याला फोन, पाहुण्यांना चहा, कुठली चावी कुणाकडे गेली याचा माग. सगळ्यांची सोय लावते म्हणून सोयताई. पेटीच्या दोनच चाव्या होत्या, एक तिच्या खणात आणि एक ग्रंथपालसाहेबांकडे.

खणातली चावी जागेवर नव्हती. तिनं अख्खा खण टेबलावर उलटा केला.

तो अल्बम काही साधासुधा नव्हे. फार वर्षांपूर्वी हवामान विभागातले एक प्राध्यापक रोज याच खिडकीत उभे राहून समोरचं आभाळ रंगवायचे, आणि चित्राखाली तपकिरी शाईनं बारीक अक्षरात चार ओळी लिहायचे. जगात त्याची दुसरी प्रत नाही. दुपार कलली की पश्चिमेचं ऊन थेट पेटीवर येतं आणि रंग विटतात, म्हणून जेवणानंतर चादर घालायची नि सकाळी काढायची, असा इथला शिरस्ता. काल दुपारी सोयताई मीटिंगमध्ये अडकली होती. बाहेर येऊन बघते तर चादर कुणीतरी आधीच घातलेली. तीही किती छान, चारी कोपरे आत मुडपून. तिला आपलं बरंच वाटलं होतं, एक काम वाचलं म्हणून. त्या चादरीखाली काय आहे, हे बघायचं कुणाला सुचणार?

ग्रंथपालसाहेब आले. आपल्या चावीनं त्यांनी पेटी उघडली आणि उगाचच आत हात फिरवला. कोपऱ्यात पिठासारखी जराशी भुकटी होती, ती त्यांच्या बोटांना लागली.

"छताचा गिलावा पडतोय," ते कसनुसं म्हणाले. "बांधकामवाल्यांना कळवा." माणूस घाबरला की असलंच काहीतरी बोलतो. मग ते दारावरच्या पहारेकऱ्याकडे वळले. "काल दुपारी दालनात कोण कोण होतं?"

"कोणी नाही साहेब. परीक्षा संपल्यात, पोरं कुठली येतायत?" पहारेकरी म्हणाला. मग त्यानं मान खाजवली. "म्हणजे... आजी होत्या."

"कुणाच्या आजी?"

पहारेकऱ्यानं सोयताईकडे पाहिलं.

२

आजी म्हणजे सोयताईची आई.

गेल्या वर्षी आईनं गॅस चालू ठेवला आणि दार उघडं टाकून ती फिरायला गेली. शेजाऱ्यांनी वेळीच पाहिलं म्हणून निभावलं. त्यानंतर आईला एकटं ठेवायची सोय उरली नाही. भाऊ परगावी, तो फोनवरून काळजी करतो, अगदी मन लावून करतो. शेवटी सोयताईनं साहेबांना विचारलं आणि ती आईला रोज बरोबर आणू लागली. सगळ्यांची सोय लावणाऱ्या बाईला स्वतःच्या आईसाठी एवढी एकच सोय सापडली होती. पेटीजवळची खिडकीतली खुर्ची आईची झाली. तिथं ती चित्रातल्या ढगांकडे बघायची, मग खिडकीतल्या ढगांकडे बघायची, मधेच डुलकी काढायची. घरी सैरभैर होणारी आई इथं शांत असे. का, ते देव जाणे.

"मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही हो," साहेब दार लावून घेत म्हणाले. माणूस वाईट नव्हता, म्हणून तर ऐकवत नव्हतं. "वय झालंय. आवडलं, उचललं, कुठंतरी ठेवलं. पण उद्या संध्याकाळपर्यंत अल्बम मिळाला नाही तर मला वर कळवावं लागेल. आणि मग आईंचं इथं बसणं... तुम्हीच विचार करा."

सोयताईनं विचार केला. आईचं बसणं बंद म्हणजे आपली नोकरी बंद. त्याहून वाईट म्हणजे आई जाता जाता चोर ठरणार.

"मला उद्यापर्यंत विचारपूस करू द्या," ती म्हणाली.

पहिली पाळी वादळबाईंची. हवामान विभागाच्या या प्राध्यापिका बोलायला लागल्या की कागद उडायचे, म्हणून हे नाव. अल्बम आमच्या विभागाचा आहे, आम्हालाच मिळाला पाहिजे, म्हणून वर्षभर त्या साहेबांशी भांडत होत्या.

"मी चोरेन?" वादळबाई कडाडल्या. "अगं, मी भांडून घेणार आहे तो! चोरला तर मिरवणार कुठं? आणि काल दुपारी तुमच्याच मीटिंगमध्ये तुमच्याच साहेबांचं डोकं खात होते की मी. समोरच तर बसली होतीस."

ते खरंच होतं. साहेब आणि वादळबाई दोघेही तिच्या डोळ्यांसमोर होते.

मग ती तळघरात खळबाबांकडे गेली. पुस्तकं दुरुस्त करणाऱ्या या माणसाची बोटं सदा खळीनं चिकट असत. एखाद्या पोरानं पानाचा कोपरा दुमडला तरी खळबाबांना त्या दिवशी जेवण जात नसे. ही बातमी त्यांना कशी सांगावी, याचीच तिला धास्ती वाटत होती. बाबा रडतील, नाहीतर भिंतीवर डोकं आपटतील.

"बाबा, ढगांचा अल्बम गेला."

खळबाबा एका जिल्दीला पुठ्ठा चिकटवत होते. त्यांनी मान वर केली नाही. "ऐकलं मी, सकाळी वर आरडाओरडा चालला होता. असेल गं कुठंतरी सुखरूप. नको एवढा जीव जाळूस."

आणि ते पुन्हा खळ लावू लागले.

सोयताई जिना चढून वर आली, खुर्चीशेजारी उकिडवी बसली. आई खिडकीबाहेर बघत होती.

"आई, काल ते ढगांचं पुस्तक पाहिलंस तू?"

"पाहिलं की. त्यातलं एक अक्षर चालत गेलं."

"अक्षर?"

"हं. ढगातून खाली उतरलं, ओळीत जाऊन बसलं. मग पुन्हा चाललं." आईनं शाल अंगाभोवती ओढली आणि लेकीकडे मोठ्या काळजीनं पाहिलं. "आता आभाळाला थंडी वाजत असेल गं बिचाऱ्याला."

सोयताईनं कपाळाला हात लावला. हे साहेबांनी ऐकलं असतं तर उद्यापर्यंतही थांबले नसते.

३

संध्याकाळी निघता निघता वीजवाल्याचा फोन आला.

"ताई, तुमच्या तळघराच्या लाइनवर काय जड चालू केलंय? काल दुपारी फ्यूज उडाला, आज परत उडाला. खाली येऊन बघतो म्हटलं तर ते बाबा म्हणतात, नको, माझं मी बघतो. आग लागली तर मला नाही बोलायचं."

"उद्या बघते हो," ती म्हणाली. आजच्या दिवसात फ्यूजचं कौतुक करायला तिला सवड नव्हती.

मायलेकी घरी चालत निघाल्या. उन्हं उतरली होती, घरांच्या भिंती नारिंगी झाल्या होत्या. आई प्रत्येक झाडापाशी थांबून कुणाची तरी विचारपूस केल्यासारखी मान हलवत होती. सोयताई तिचा हात धरून तिच्या पावलानं चालत होती. ही चाल आता तिच्या अंगवळणी पडली होती. दाराशी पोचल्यावर तिच्या लक्षात आलं, घराची किल्ली आज आईच्या पर्समध्ये आहे. तिनं पर्स उघडून आत हात घातला.

रुमाल, खडीसाखरेची पुडी, जुना फोटो, घराची किल्ली. आणि आणखी काहीतरी गार, पितळी.

तिनं ते बाहेर काढलं. चावीला पांढरी चिठ्ठी बांधलेली होती, आणि चिठ्ठीवर तिच्याच हातानं लिहिलेलं होतं: काचपेटी.

तिनं चावी मुठीत घट्ट दाबून धरली.

"काय गं, दार उघडत नाही का?" आई म्हणाली.

४

चावी मिळाल्याचं सकाळी तिनं साहेबांना सांगितलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा ती काहीतरी दडवत होती आणि तिला ते जमत नव्हतं. पहारेकऱ्यानं नुसतं "काय ताई" म्हटलं तरी ती दचकली.

दुपारी जेवण झाल्यावर खुर्चीत आईला बसवून ती रिकाम्या पेटीसमोर उभी राहिली. ढग जात होते आणि काचेवर त्यांच्या सावल्या पडत होत्या, जणू अल्बम आतच आहे आणि पानं आपोआप उलटताहेत. ती त्या सावल्यांकडे बघत राहिली, आणि असं भान हरपून बघत असतानाच तिचं डोकं चालायला लागलं.

चावी आईनं घेतली, हे मान्य. पण आईनं अल्बम नेला कुठं? आईला पाण्याचा तांब्या उचलवत नाही. तो दणकट अल्बम, वर स्टँड, असं सगळं घेऊन ती पहारेकऱ्यासमोरून गेली आणि त्याला दिसलं नाही? तेव्हा अल्बम मुख्य दारानं बाहेर गेलेलाच नाही. दालनातून दुसरी वाट एकच, तळघराच्या जिन्याची.

बरं, चोर अल्बम नेईल. पण मखमल कशाला नेईल? स्टँड कशाला? ज्याला अल्बम हवा तो असला पसारा गोळा करत बसत नाही. पुस्तक ज्याला-ज्याला टेकलं होतं ते सगळंच उचलायचं, असं कुणाला वाटेल? घरात एखाद्याला खरूज झाली की आपण त्याचं अंथरूण-पांघरूण सगळं उचलतो, तसं.

लागण. कोपऱ्यातली ती भुकटी गिलाव्याची नव्हतीच. पुस्तक आतून पोखरलं जातं तेव्हा पडते तशी होती ती. आणि टिंबाएवढा तपकिरी किडा तपकिरी शाईच्या ओळीत शिरला, तर बघणाऱ्याला काय दिसेल? अक्षर चालताना दिसेल. आई बरळत नव्हती. जे दिसलं तेच सांगत होती, अगदी जसंच्या तसं.

आता पुढचं तिला शोधावंही लागलं नाही, आपोआप समोर येत गेलं. चादरीचे मुडपलेले कोपरे. ती स्वतः चादर नुसती टाकते; कोपरे असे आत मुडपतो तो हात दिवसभर पुस्तकांवर जिल्दीचं कापड चढवणारा. पान दुमडलं तर उपाशी राहणारा माणूस, अख्खा अल्बम गेल्यावर शांतपणे पुठ्ठा चिकटवत बसला. आणि पोखरणारी कीड मारायची तर पुस्तक प्लास्टिकमध्ये बांधून गोठवतात, त्यासाठी दुरुस्तीखोलीत एक जुनाट फ्रीझर वर्षानुवर्षं न वापरता पडून आहे. तो चालू केला तर फ्यूज उडणारच.

आभाळाला थंडी वाजत असेल.

सोयताई जिन्यावरून जवळजवळ पळतच खाली गेली.

"फ्रीझर उघडा बाबा," ती म्हणाली.

खळबाबांचा ब्रश हवेतच थांबला. त्यांनी कानावर हात ठेवले नाहीत, सबबी सांगितल्या नाहीत. उठले आणि कोपऱ्यातलं झाकण उचललं. आतून पांढरी वाफ वर आली. तळाशी जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला अल्बम होता, शेजारी स्टँड, शेजारी निळ्या मखमलीची घडी. प्लास्टिकवर हिमाचा पातळ थर धरला होता आणि त्याखाली चित्रातली एक संध्याकाळ अंधूक दिसत होती.

"आजींनीच दाखवलं मला," ते झाकण लावत म्हणाले. "मी वर पुस्तकं न्यायला आलो होतो. म्हणाल्या, बघ, अक्षर चालतंय. बघतो तर कीड! माझ्या तोंडचं पाणीच पळालं. चावी पाहिजे म्हटलं, तर त्यांनी तुझ्या खणातून आणून दिली. परतही त्यांच्याच हातात दिली मी."

"मग सांगितलं का नाही? सगळं ग्रंथालय अल्बम शोधतंय!"

"साहेबांचा नियम ठाऊक आहे ना तुला? एक जरी कीड सापडली तरी दालन बंद, सगळ्या पुस्तकांना औषधाची धुरी, पुढचं सत्रभर कुणी आत यायचं नाही." खळबाबा बोटांवरची वाळलेली खळ सोलत राहिले. "अल्बम गोठवायचा आणि साहेबांचा नियम काय, हे बांधता बांधता मी बोलून गेलो, तेव्हा आजींनी मला विचारलं. अगदी शुद्धीत होत्या हो. म्हणाल्या, ही खोली बंद होईल का? मग माझी पोरगी मला कुठं ठेवेल? मी शब्द दिला त्यांना. म्हटलं, नाही होऊ देत बंद."

सोयताई बाजूच्या स्टुलावर बसली.

"त्यांच्यावर आळ येईल हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं गं. आईशप्पथ." त्यांचे डोळे भरून आले होते. "पण अजून काही बिघडलेलं नाही. मी साहेबांना सांगतो, पान सुटलं होतं म्हणून न विचारता दुरुस्तीला आणला. शिव्या खाईन. आजी सुटतील, खुर्चीही राहील. किडीचं तुला नि मला सोडून कुणाला कळायचं कारण नाही."

५

किती सोपं होतं! जिना चढताना तिचा जीव भांड्यात पडल्यासारखा झाला होता. आळ जाणार, नोकरी राहणार, आई खिडकीत राहणार. कुणाचं काय बिघडणार होतं?

दालनात ऊन उतरायला लागलं होतं. आई खुर्चीत झोपली होती, तोंड किंचित उघडं, मांडीवर हात. तिच्या पाठीमागेच पुस्तकांचं कपाट होतं. सोयताईनं सहज म्हणून एक पुस्तक ओढलं. खरं तर सहज नव्हे. तिला स्वतःची खात्री करून घ्यायची होती की सगळं ठीक आहे, आपण गप्प बसलो तरी चालेल.

पुस्तकातून पिठासारखी भुकटी तिच्या मनगटावर सांडली.

तिनं दुसरं ओढलं. मग वरच्या फळीवरचं एक. तिथंही तेच.

ती आईकडे बघत राहिली. उन्हात आईचे पांढरे केस पार विरघळल्यासारखे दिसत होते. एवढी निवांत झोप आईला घरी कधी लागत नसे. हिला उद्या कुठं बसवू? रोज सगळ्यांना खोल्या मिळवून देणारी ती, आईसाठी तिच्या यादीत एकही खोली नव्हती. पण मनगटावरची भुकटी तिला झटकता येईना. तिनं ते पुस्तक तसंच हातात धरलं आणि ती साहेबांच्या खोलीत गेली.

वादळबाई तिथंच होत्या, भांडतच होत्या. सोयताईनं सगळं सांगितलं. चालणारं अक्षर, चावी, मुडपलेले कोपरे, मखमल, फ्यूज. काही लपवलं नाही. शेवटी पुस्तक टेबलावर उघडून धरलं.

वादळबाई चक्क गप्प झाल्या.

"म्हणजे आईंनी अल्बम वाचवला," साहेब हळूच म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता. "आणि मी त्यांच्यावर... छे. माझं चुकलं हो. खळबाबांशी मी नंतर बोलेन. विचारायचं तरी माणसानं!" मग त्यांनी पानांना पडलेल्या भोकांवरून बोट फिरवलं आणि त्यांना पुढचं सुचलं. "पण मग दालन बंद करावं लागेल. उद्यापासून. तुमच्या आई..."

"ठाऊक आहे," सोयताई म्हणाली.

"हे ठाऊक असून सांगायला आलात?"

तिनं मान हलवली.

६

आई जागी झाली होती. सोयताई तिच्यासमोर टेबलाला टेकून उभी राहिली.

"आई, उद्यापासून इथं यायचं नाही. खोली बंद होणार. पुस्तकांना कीड लागलीय."

"मग लागलीच आहे. मी म्हटलं नव्हतं?"

"मला माफ कर. खळबाबांनी तुला शब्द दिला होता, आणि मी जाऊन सांगून टाकलं. खरं म्हणजे..." तिला हुंदका आवरेना. "खरं म्हणजे मी सांगणारच नव्हते. तुझ्यासाठी गप्प बसणार होते."

आईच्या कपाळावर आठी चढली. ती सावरून ताठ बसली, आणि तिची नजर, जी कित्येक महिने नुसती ढगांमधून हिंडत होती, सरळ येऊन लेकीवर थांबली.

"गप्प बसणार होतीस?" आई म्हणाली. आवाज असा की दारावरच्या पहारेकऱ्यानं वळून पाहिलं. "एवढी पुस्तकं किड्यांच्या घशात घालणार होतीस? माझ्या एका खुर्चीपायी? हेच शिकवलं का मी तुला?"

"अगं, तूच बाबांना विचारलंस ना, खोली बंद होईल का म्हणून..."

"विचारलं. घाबरले होते म्हणून विचारलं. घाबरलेल्या माणसाचं ऐकायचं असतं का? एवढी मोठी झालीस, ऑफिस सांभाळतेस, अन् एवढी अक्कल नाही? आणि बघ कशी उभी राहिलीयस, टेबलाला रेलून! नीट उभी राहा आधी."

सोयताई नीट उभी राहिली. गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती, वेड्यासारखी. गेलं वर्षभर तिनं आईला भरवलं होतं, न्हाऊ घातलं होतं, हात धरून रस्ता ओलांडून दिला होता. आणि आज किती दिवसांनी आई तिच्यावर रागावली होती, पूर्वीसारखी, अगदी मनापासून. उद्याचं काय ते तिला अजूनही ठाऊक नव्हतं. आई आता थांबू नये, एवढंच तिला वाटत होतं.

"अजून बोल ना गं," ती म्हणाली.

"बोलते की. सोडते की काय," आई म्हणाली, आणि पर्समधला रुमाल काढून तिच्यापुढे धरला. "नाक पूस."